भिंतीतलं काड आणि गोठ्यातला चारा

मे महिन्यात आमच्या आबांचं घर पाडलं. सटाण्याहून अर्ध्या तासावरचं गाव, धाब्याचं घर, तीन खणांचं. काकांना पावसाळ्याआधी नवा पाया भरून घ्यायचा होता. जेसीबी सकाळी आठला आला आणि दुपारच्या जेवणापर्यंत सगळं सपाट. मी पोचले तेव्हा मागची एक भिंत तेवढी उभी होती. तिच्या गिलाव्याचं पंजाएवढं ढेकूळ मी काढून घेतलं. मोडून पाहिलं तर आत पिवळ्या काड्या, इतक्या स्वच्छ की मागच्या रब्बीतल्याच वाटाव्यात.

ते ढेकूळ आता माझ्या टेबलावर पिशवीत आहे. पिशवीवर तारीख आहे, गावाचं नाव आहे. कोणती भिंत, जमिनीपासून किती उंचीवर, आतला थर की बाहेरचा, यातलं काहीच लिहिलेलं नाही, कारण त्या वेळी ते सुचलंच नाही. माझी पीएचडी मातीच्या गिलाव्यातल्या वनस्पतींच्या तंतूंवर आहे. ज्युनिअर मुलामुलींना मी दर वर्षी सांगते की सॅम्पल घेण्याआधी नोंद करा. तर ते असो.

माझं मूळ शिक्षण भौतिकशास्त्राचं. इतिहासाकडे मी वळले ते एका साध्या प्रश्नामुळे. पहिल्या वर्षी प्रेझेंटेशन संपल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "काडाच्या भिंती म्हणजे त्या परदेशात बांधतात तशा का? काडाचे गठ्ठे रचून? मग आपल्याकडे तसं का नाही केलं? काड तर आपल्याकडेही भरपूर." मी उत्तर दिलं, आणि ते चुकीचं होतं. कसं चुकीचं ते पुढे सांगते. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्या उत्तरापेक्षा त्यातली चूक जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं.

आधी परदेशातलं पाहू. काडाच्या किंवा गवताच्या गासड्या विटांसारख्या रचून घर बांधायची पद्धत फार जुनी नाही. ती अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाली. राज्याच्या पश्चिमेला सँडहिल्स नावाचा मोठा प्रदेश आहे. वाळूच्या टेकड्या आणि त्यावर गवत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्यांना १६० एकर जमीन मिळायची, पण असल्या रेताड जमिनीत १६० एकरांत कुटुंब जगत नव्हतं. १९०४ मध्ये किंकेड कायदा आला, पश्चिम नेब्रास्कात ही मर्यादा ६४० एकर झाली आणि लोक मोठ्या संख्येने आले. आता घर कशाचं बांधायचं? झाडं नाहीत. लाकूड लांबून रेल्वेने आणावं लागे आणि ते परवडत नसे. बाकीच्या नेब्रास्कात लोक गवताच्या मुळांसकट जमिनीची ढेकळं कापून त्यांची घरं बांधत. इथे माती वाळूची, ढेकूळ उचललं की हातातच फुटायचं.

होतं ते गवत. आणि गवत दाबून तारेने बांधणारं बेलर हे यंत्र नुकतंच हाताशी आलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा. गासडी हे निसर्गात सापडणारं बांधकाम साहित्य नाही, ते यंत्राचं उत्पादन आहे. घोड्याच्या किंवा वाफेच्या जोरावर पेटीत गवत ठेचून भरायचं आणि चौकोनी ठोकळा बाहेर काढायचा. यंत्र आलं होतं गुरांचं गवत साठवायला आणि रेल्वेने पाठवायला. त्या ठोकळ्याची मोठी वीट कुणाला आणि कशी सुचली हे सांगायला इतिहासकार लागत नाही. घर नसलेला माणूस आणि समोर ठोकळ्यांची रास, एवढं पुरे आहे.

पद्धत अशी. गासड्या वीटकामासारख्या सांधामोड करून रचायच्या, म्हणजे खालचा सांधा वरच्या गासडीच्या मधोमध आला पाहिजे. मधून लाकडाच्या किंवा लोखंडाच्या सळया ठोकायच्या, नाहीतर भिंत फुगते. दारं-खिडक्यांसाठी लाकडी चौकटी बसवायच्या आणि खिडक्या लहानच ठेवायच्या, कारण छपराचं वजन पेलायला दुसरं काही नाही, भिंतच आहे. भिंतीच्या माथ्यावर लाकडाची पट्टी फिरवायची आणि त्यावर चारही बाजूंना उतरतं छप्पर, म्हणजे वजन चारही भिंतींवर वाटून पडतं. मग काही आठवडे थांबायचं. छपराच्या वजनाने गवत दबतं, भिंत काही इंच खाली बसते. ती बसायच्या आधी गिलावा केला की तो तडकणार. शेवटी आतून-बाहेरून माती, चुना किंवा सिमेंटचा गिलावा. भार उचलणाऱ्या या भिंतीला आज जगभर नेब्रास्का पद्धतच म्हणतात. आर्थर नावाच्या गावात १९२८ साली या पद्धतीने राय या धान्याच्या काडाच्या गासड्यांचं चर्च बांधलं. ते अजून उभं आहे.

दुसरी पद्धत फ्रान्समधून दिसते. पॅरिसच्या दक्षिणेला मोंतार्जी गावात १९२० मध्ये एमिल फ्योएत नावाच्या माणसाने घर बांधलं. पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती आणि साहित्य महाग होतं. त्याने लाकडाचा सांगाडा उभा केला, वजन त्या सांगाड्यावर दिलं आणि मधल्या जागेत काडाच्या गासड्या भरल्या. १९२१ मध्ये एका फ्रेंच विज्ञान मासिकात त्यावर लेख आला. तेही घर आज शंभरी ओलांडून उभं आहे. सांगाडा वेगळा, भिंत वेगळी, हे डोक्यात ठेवा. बागलाणात गेल्यावर लागणार आहे.

या इतिहासात एक गोष्ट तुम्हाला हमखास भेटेल. नेब्रास्कातल्या गासड्यांच्या अगदी सुरुवातीच्या इमारतींपैकी एक म्हणजे एका खोलीची शाळा, आणि ती गाईंनी खाल्ली. बाहेरून गिलावा केलेला नव्हता, कुंपण नव्हतं, गाई आल्या आणि भिंत चरून गेल्या. गोष्ट इतकी मस्त आहे की प्रत्येक लेखक ती सांगतोच. मीही माझ्या पहिल्या लिटरेचर रिव्ह्यूत ती घातली. गाईडनी समासात एवढंच लिहिलं, "कोणत्या साली?" मी शोधायला बसले. कुठे १८८६, कुठे १८९६ किंवा १८९७. कुठे बेअर्ड गावाजवळ, कुठे स्कॉट्सब्लफजवळ. (ही दोन्ही गावं एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे शाळा बहुधा एकच.) मागे मागे जात राहिलं की बऱ्याच वाटा रॉजर वेल्श या लोकसाहित्याच्या अभ्यासकाकडे पोचतात. १९७० मध्ये त्याने सँडहिल्समधल्या या घरांवर लेख लिहिला आणि विसरली गेलेली पद्धत पुन्हा लोकांसमोर आली. आता पाहा, लोकसाहित्याचा अभ्यासक आठवणी गोळा करतो. आठवण हा पुरावा आहे, पण तो आठवणीचा पुरावा आहे. दहा लेखांत तीच गोष्ट सापडली म्हणजे दहा पुरावे झाले नाहीत. एकच पुरावा दहा वेळा छापला गेला.

आणि उभ्या राहिलेल्या घरांबद्दलही हेच. आर्थरचं चर्च टिकलं म्हणून "गासड्यांची घरं शंभर वर्षं टिकतात" असं वाक्य लिहायचा मोह होतो. पण जी कुजली, जळली, बसली, ती आज मोजायला शिल्लक नाहीत. टिकलेल्यांवरून सगळ्यांचं आयुष्य काढता येत नाही. आपल्याकडे वाड्यांबद्दल लिहिताना ही चूक सर्रास होते.

आता आपल्याकडे या. नाशिक जिल्हा बांधकामाच्या अभ्यासकाला आंदण दिल्यासारखा आहे. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, तिथे उतरती छपरं. पूर्वेकडे सरकत पर्जन्यछायेत आलात की सटाणा, मालेगाव, पुढे खानदेश, इथे सपाट मातीची छपरं, म्हणजे धाबे. मराठवाड्यात त्यालाच माळवद म्हणतात. मातीचं सपाट छप्पर ही चैन कमी पावसाच्या मुलखालाच परवडते.

आमच्या घराचा सांगाडा लाकडी होता. खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या. कड्यांवर काटक्यांचा दाट थर, त्यावर पाला आणि भुसा, म्हणजे वरची माती काटक्यांच्या फटींतून गळत नाही. मग मातीचा जाड थर आणि सगळ्यांत वर खारी माती. भिंती खाली दगडाच्या, वर मातीच्या. खणातलं छप्पर बरंचसं खांबांवर होतं, भिंत मुख्यतः आडोसा करत होती. म्हणजे रचनेच्या दृष्टीने आबांचं घर नेब्रास्काच्या नाही, मोंतार्जीच्या घराचं भावंड.

भिंतीसाठी माती कोणती? काळी नाही. कापसाला उत्तम असलेली काळी माती भिंतीला वाईट, कारण तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी घेऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. शेतातल्या भेगा पाहिल्या असतील, तशाच भिंतीत पडतील. भिंतीला लागते ती पांढरी, म्हणजे जुन्या गावठाणाची माती. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंती मिळून झालेली ही माती फुगत कमी. पुरातत्त्ववाल्यांना ही पांढरीची टेकाडं चांगली ओळखीची आहेत. गावकरी माती न्यायला उकरतात आणि खापरं वर येतात. आमच्या ढेकळातही नखाएवढा लाल खापराचा तुकडा निघाला. भिंतीत काड किती जुनं आणि खापर किती जुनं, यात शेकडो वर्षांचं अंतर असू शकतं.

गिलाव्याची कृती मला शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने सांगितली. पांढरी चाळायची, गव्हाचा भुसा टाकायचा, शेण टाकायचं, पाणी घालून तुडवायचं आणि आठवडाभर मुरू द्यायचं. रोज थोडं पाणी, रोज तुडवणी. वास सुटला की झालं. "वास कसला?" मी विचारलं. "वास म्हणजे वास," ते म्हणाले. त्या वासावर माझा एक प्रयोग अजून चालू आहे. भुशातलं काही कुजून चिकट द्रव्यं सुटतात आणि मातीचे कण बांधून ठेवतात, असा अंदाज आहे.

काडाचं मुख्य काम मात्र सरळ आहे. माती दाब सहन करते, ताण सहन करत नाही. वाळताना ती आकसते, आकसताना ताण येतो आणि एक मोठी भेग पडते. आत काड्या असतील तर त्या दोन्ही बाजूंना धरून ठेवतात आणि एका मोठ्या भेगेऐवजी डोळ्याला न दिसणाऱ्या शंभर बारीक भेगा पडतात. स्लॅबमधली सळई जे करते त्याच्याच जवळचं हे काम. ही युक्ती किती जुनी? इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, तिथे ताम्रपाषाण काळातली कुडाची, मातीने लिंपलेली घरं निघाली. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांचा तो पेपर २०१६ मध्ये करंट सायन्समध्ये आला. तो जरूर वाचा. गिलाव्यातला तंतू आणि जालना-दिल्लीकडून आणलेलं ताजं झाड यांची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना, एवढ्यावर उभा आहे. महागड्या यंत्राशिवाय संशोधन होत नाही असं वाटणाऱ्यांनी खास वाचावा असं मी म्हणणार होते, पण त्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप वापरलाय. तरी वाचा.

खाऱ्या मातीबद्दल थोडं थांबते, कारण तिच्यावर कुणी फारसं लिहीत नाही. दर वर्षी पावसाआधी धाब्यावर खारी टाकायची, हे खानदेश-बागलाणातल्या कुणाही साठीच्या माणसाला विचारा. ही माती पाणी अडवते. का अडवते? तिच्यात सोडियम जास्त असतो. सोडियममुळे चिकणमातीचे कण पाण्यात एकमेकांपासून सुटतात, विखुरतात आणि खालच्या मातीची छिद्रं बुजवतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही जमीन खराब, पाणी मुरत नाही, पीक येत नाही. छपराच्या दृष्टीने तोच गुण. घरी करून पाहायचं असेल तर ग्लासभर स्वच्छ पाण्यात खारीचा छोटा खडा टाका, हलवू नका. थोड्या वेळाने खड्याभोवती दुधासारखा ढग पसरतो. पांढरीचा खडा ढासळतो, पण पाणी बरंच निवळ राहतं. मृदाशास्त्रात या चाचणीला एमर्सन या शास्त्रज्ञाचं नाव आहे, १९६७ पासून. आमच्या आजीला ती त्याच्या आधीपासून येत होती, फक्त ग्लासाऐवजी तळहातावर.

आता त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे. मी तेव्हा दिलेलं उत्तर असं होतं: "नेब्रास्कात थंडी आहे, त्यांना उष्णतारोधक भिंत हवी. आपल्याकडे उन्हाळा आहे, आपल्याला जड भिंत हवी. जड माती दिवसा उष्णता शोषते, रात्री सोडते. काड हलकं, ते हे करू शकत नाही." ऐकायला छान आहे. पुस्तकांतही असं काहीसं असतं. घरी येऊन गणित केलं.

रोजच्या तापमानाची लाट भिंतीत किती आत शिरते हे उष्णतेच्या विसरणांकावर ठरतं. हा विसरणांक म्हणजे वाहकता भागिले घनता आणि विशिष्ट उष्मा यांचा गुणाकार. मातीच्या भिंतीची वाहकता साधारण ०.७ वॅट प्रति मीटर केल्विन धरा, घनता १७०० किलो प्रति घनमीटर. काडाच्या गासडीची वाहकता ०.०६ च्या आसपास, घनता १२० च्या आसपास. काडाची वाहकता मातीच्या दहाव्या भागाहून कमी, पण घनताही चौदाव्या भागाइतकी! भागाकार केला की दोघांचे विसरणांक एकाच घरातले निघतात. दीड हात जाडीच्या दोन्ही भिंती दुपारची लाट आत पोचेपर्यंत जवळजवळ मारून टाकतात. हलकं काड लाट अडवू शकत नाही, हे माझं वाक्य साफ चूक.

मग फरक कुठे आहे? लाट वजा केल्यावर जी उरते त्या सरासरीत. मे महिन्यात सटाण्यात दुपार चाळिशीला जाते, पण पहाट उतरते. दिवस-रात्रीची सरासरी माणूस सहन करू शकेल अशी असते, आणि जाड भिंत घराला त्या सरासरीच्या जवळ आणून ठेवते. बस, काम झालं. नेब्रास्कात जानेवारीची सरासरीच शून्याखाली. घर सरासरीला आणलं तर माणूस गोठेल. तिथे आत चूल पेटवून ती उष्णता बाहेर जाऊ न देणं महत्त्वाचं, आणि तिथे काडाची भिंत मातीपेक्षा दहापटीहून चांगली. म्हणजे निष्कर्ष अर्धा बरोबर होता, कारण चुकलं होतं. व्हायव्हात बरोबर निष्कर्षाला दिलेलं चुकीचं कारण फार महागात पडतं.

पण हेही पूर्ण उत्तर नाही. या गणितातून एवढंच निघतं की बागलाणात काडाच्या भिंतीची गरज नव्हती. गरज नसली तरी फुकट मिळणारी गोष्ट लोक वापरतात. मग का नाही वापरली? मी आबांना विचारलं होतं, ते होते तेव्हा. गठ्ठे रचून घर बांधलेल्या फोटोकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि अहिराणीत म्हणाले, "ढोरेसना चारा भितमा कोंबतस का?" गुरांचा चारा कुणी भिंतीत कोंबतं का?

माझ्या सगळ्या समीकरणांत हा एक चल नव्हता. काडाची किंमत. सँडहिल्समध्ये माणूस कमी, गवत अमाप. बागलाणात बाजरीचं सरमाड, ज्वारीचा कडबा, गव्हाचा भुसा, यातलं वाया जाणारं काही नव्हतंच. कडब्याच्या गंजीवरून माणसाची पत कळायची. पाऊस गेला की आधी चारा संपतो, मग बैल विकावा लागतो, मग पुढची पेरणी जाते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते धान्याइतकंच चाऱ्याबद्दल बोलतात. सटाण्याचं ग्रामदैवतच मुळी दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटणारा मामलेदार आहे, इतका दुष्काळ या गावाच्या आठवणीत मुरलाय. अशा मुलखात एका घराच्या भिंतींसाठी शेकडो गासड्या चारा चिणायचा?

आणि तरीही भिंतीत काड आहेच. ढेकूळ पाण्यात विरघळवून चाळलं तेव्हा दोन मापांचे तंतू वेगळे झाले. एक भुशाच्या लांब काड्या, थोड्या. दुसरे अगदी आखूड, मऊ, केसासारखे, पुष्कळ. हे दुसरे शेणातले. म्हणजे बागलाणातलं बरंचसं काड भिंतीत गेलं, पण आधी गाईच्या पोटातून जाऊन. गुरांनी त्यातलं अन्न काढून घेतलं आणि पचलं नाही ते तंतू गवंड्याला मिळाले. नेब्रास्कात गाईंनी भिंत खाल्ली अशी गोष्ट सांगतात. इथे गाईंनी आधी खाल्लं आणि मग भिंत झाली.

वजनाचा मुद्दाही टाळता येत नाही, कारण धाब्याबद्दल लिहिताना लोक हळवे होतात. मीही झाले. गणित करू. एक फूट जाड मातीचं छप्पर म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या जवळपास. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार टन. दर वर्षी नवी खारी पडते, जुनी निघतेच असं नाही, म्हणजे वजन वाढत जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला हेच झालं. दगड-मातीच्या जाड, एकमेकांना न बांधलेल्या भिंती आणि वर माळवद. सुमारे आठ हजार माणसं गेली. जिथे लाकडी खण धड होता तिथे भिंती बाहेर पडूनही छप्पर खांबांवर राहिल्याची उदाहरणं पाहणी करणाऱ्यांनी नोंदवली आहेत. त्याच वर्षी भारतीय मानक संस्थेने मातीच्या घरांच्या भूकंपरोधक बांधणीची मार्गदर्शिका काढली, आयएस १३८२७. लोकांनी मात्र ती न वाचता माती सोडून दिली. त्यांना दोष देणं मला जमत नाही.

गासड्यांची भिंत इथे जिंकते. दीड फूट जाड मातीची भिंत चौरस मीटरला साडेसातशे किलो, तेवढीच गासडीची भिंत दोन्हीकडच्या गिलाव्यासकट दीडशेच्या आसपास. म्हणूनच २००५ च्या काश्मीरच्या भूकंपानंतर पाकिस्तानात डार्सी डोनोव्हन या अभियंत्या बाईंनी गासड्यांची छोटी घरं बांधायला घेतली. बेलर नव्हतं, तर हाताच्या जॅकने पेटीत काड दाबून लहान गासड्या केल्या. खाली खडीने भरलेली पोती, भिंतीला दोन्हीकडून मासेमारीची नायलॉनची जाळी आणि वर मातीचा गिलावा. २००९ मध्ये त्याचा नमुना अमेरिकेत नेवाडा विद्यापीठाच्या भूकंप-टेबलावर हलवून पाहिला. पडला नाही. इतिहासात क्वचित दिसणारी गोष्ट आहे ही, एकोणिसाव्या शतकातल्या वसाहतकऱ्यांची नाइलाजाची युक्ती शंभर वर्षांनी दुसऱ्या खंडात, दुसऱ्याच कारणासाठी.

बागलाणात ती चालेल का, असं मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. आता गव्हाला हार्वेस्टर आलंय, मका वाढलाय, बैल कमी झालेत, म्हणजे चाऱ्याचं जुनं गणित बदललंय. पण गासडीतला ओलावा वजनाच्या वीस टक्क्यांवर गेला की बुरशी लागते, आणि आपल्या चार महिन्यांच्या दमटपणात तो खाली ठेवणं सोपं नाही. शिवाय उधई. आमच्याकडे लाकडाचं कपाट टिकत नाही. मी सध्या "मोजलं नाही" एवढंच उत्तर देते.

मला मोजायचंय ते दुसरंच. गव्हाची काडी एका वर्षाची असते. कार्बन-१४ ने काळ काढायचा तर ही सोन्यासारखी गोष्ट. लाकडी तुळईची अडचण अशी की झाड शंभर वर्षांचं असू शकतं, तुळई जुन्या वाड्यातून काढून पुन्हा बसवलेली असू शकते. काडी मात्र ज्या हंगामात कापली त्याचाच काळ सांगते. अट एवढीच की सरसकट माती पाठवायची नाही, कारण पांढरीत शेकडो वर्षांपूर्वीचा कोळसा असतो. काडी हाताने वेचून, धुऊन पाठवायची. आणि जो काळ मिळेल तो गिलाव्याचा, भिंतीचा नाही, कारण गिलावा दर काही वर्षांनी नवा होतो. थर मोजता आले तर कोणत्या दशकात गव्हाचा भुसा, कोणत्या दशकात बाजरी, हे सांगता येईल. म्हणजे गावाच्या पिकांची वही भिंतीवर. अशा वह्या सध्या बागलाणात जेसीबीने आठवड्याला किती जातात ते तुम्ही गावाकडे गेलात की मोजा.

कागदाचा पुरावा शोधणाऱ्यांना एक सूचना. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्याआधी बागलाण खानदेशात होता. त्यामुळे १८८३ चा नाशिकचा गॅझेटियर पाहून थांबू नका, १८८० चा खानदेशचाही पाहा. जुनी महसुली कागदपत्रं त्याच नावाखाली मिळतात. मी आठ महिने चुकीच्या कपाटात शोधत होते.

आमच्याच गल्लीत आणखी एक धाब्याचं घर आहे, दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय. मालक आमचे लांबचे मामा लागतात. त्यांनी भिंतीचा उभा छेद घेऊ दिला आहे, जेसीबी यायच्या दोन दिवस आधी. चोवीस पिशव्या तयार आहेत, भिंत, उंची, आत-बाहेर असे रकाने छापलेल्या लेबलांसकट.